छोटं वजन

भांडायचं असेल तर बागेत भांडा, असा करोनाच्या त्या महिन्यात आयर्लंडचा कायदा होता. म्हणजे कायद्यात भांडण हा शब्द नव्हता. तीन घरांतल्या माणसांनी उघड्यावर भेटायला हरकत नाही, घरात मात्र नको, एवढंच सरकारने दहा मेपासून मान्य केलं होतं. काउंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर, जायची बंदीही त्याच दिवशी उठली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी लेक कीर्ती आणि जावई गिरीश डंडॉकहून डब्लिनजवळच्या टॅलाला यायचे होते, आणि ते कशासाठी येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे सकाळपासून त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

सुलक्षणाबाईंनी मागच्या बागेत सहा खुर्च्या मांडल्या. चार स्वयंपाकघरातल्या, दोन प्लॅस्टिकच्या. डोंगराकडून वारा असा येत होता की प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोनदा कुंपणाला जाऊन चिकटल्या. मग त्यांनी एकीवर बटाट्यांची पिशवी ठेवली आणि दुसरीवर स्वतः बसल्या. आत ओट्यावर शिरा झाकून ठेवला होता. जावई जाब विचारायला येणार असेल तर गोड करावं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जावई तो जावईच, असं ठरवून त्यांनी तूप जरा जास्तच सोडलं.

वरच्या लहान खोलीत त्यांचे यजमान गोविंदराव बॅग भरत होते. गुरुवारचं तिकीट होतं, दोहामार्गे मुंबई, तिथून गाडीने नाशिक. नाशिक! मागच्याच आठवड्यात सुलक्षणाबाईंचे मेहुणे पुरुषोत्तम तिथे तिसऱ्या हॉस्पिटलच्या दारात, रिक्षातच गेले. कुठे बेड नव्हता, कुठे ऑक्सिजन नव्हता. आणि अशा शहरात, बहात्तराव्या वर्षी, हे राहता फ्लॅट विकायला निघाले होते. लेकीचं नुकसान आपल्यामुळे झालं, ते आपणच भरून देणार, एवढं एकच वाक्य ते पंधरा दिवस बोलत होते. सुलक्षणाबाईंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. उपयोग झाला नाही.

झालं होतं ते असं.

गोविंदराव टिपणीस बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि आतून पोकळ केलेली वजनं त्यांनी गावोगावच्या बाजारांतून उचलली होती. आपल्याला कुणी फसवू शकत नाही असं ते कधी म्हणत नसत, पण मानत जरूर. लेकाकडे, राजीवकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि जगाचीच दारं बंद झाल्यामुळे पंधरा महिने अडकून पडले. तपासायला एक काटा नाही, हटकायला एक दुकानदार नाही. वाढदिवसाला राजीवने त्यांच्या टॅब्लेटवर दोनशे युरोचे बिटकॉइन घेऊन दिले होते. वर-खाली होताना बघत बसा, तेवढाच टाइमपास, म्हणाला.

मार्चच्या पहिल्या सोमवारी त्यांना एक व्हिडिओ दिसला. कुणी अमेरिकन अब्जाधीश व्यासपीठावर बोलत होता, आणि चित्राच्या खाली लिहिलं होतं की आज तो आपली संपत्ती वाटतो आहे. या पत्त्यावर जितके बिटकॉइन पाठवाल त्याच्या दुप्पट लगेच परत येतील. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं. त्याखाली ‘मला मिळाले, देव तुमचं भलं करो’ असं म्हणणाऱ्यांची रांग. नावापुढे खातं खरं असल्याची निळी खूण. गोविंदरावांनी भुवया उंचावल्या, पण सवय मोठी वाईट. नवा काटा आला की आधी छोटं वजन टाकून बघायचं, ते बरोबर दाखवलं तरच मोठं टाकायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी ते दोनशे पाठवले. तीन दिवस काही आलं नाही. गुरुवारी चारशे आले.

ही गोष्ट त्यांनी फोनवर कीर्तीला सांगितली. एकदा नाही, दर रविवारी सांगितली. गिरीश विमानं दुरुस्त करणारा माणूस. विमानंच उडेनाशी झाल्यावर त्याची नोकरी गेली होती. घराच्या कर्जाला बँकेने दिलेली तत्त्वतः मंजुरी जूनअखेर संपणार होती. एप्रिलच्या तीस तारखेला कीर्तीने, गिरीशला न विचारता, घरासाठी आठ वर्षं साठवलेले अठ्ठावीस हजार युरो तशाच एका घड्याळाखालच्या पत्त्यावर पाठवून दिले.

ते परत आले नाहीत.

*

गाडी दारात थांबली तेव्हा कीर्तीने आरशात पाहून घेतलं. पंधरा दिवसांत आपण आईसारख्या दिसायला लागलो आहोत, असं तिला वाटलं. शेजारी गिरीश स्टिअरिंग धरून बसला होता.

“बाबांना काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “पैसे मी पाठवलेत. त्यांनी नाही.”

“मी फक्त एक प्रश्न विचारणार आहे,” गिरीश म्हणाला. “एकच.”

बाजूच्या फाटकातून, कचऱ्याच्या हिरव्या आणि तपकिरी डब्यांना वळसा घालून ते बागेत आले. आईने लांबूनच हात जोडले. वीणावहिनीने तिच्या लेकीला, स्वानंदीला, शेजारच्यांच्या ट्रॅम्पोलिनवर पाठवून दिलं होतं. राजीवदादा खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठून जायच्या बेतात असल्यासारखा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर कोट. त्यांच्या मांडीवर तो टॅब्लेट होता.

“या गिरीशराव. रस्ता ठीक होता?”

“ग्रँड.” गिरीश बसला. शिऱ्याच्या वाटीला त्याने हात लावला नाही. “बाबा, कीर्ती पोलिसांकडे, गार्डा स्टेशनला गेली होती, तुम्हाला माहितीये. तिथली बाई चांगली होती. तिने सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, तुमचा विश्वास कसा बसला? ही म्हणाली, माझ्या वडिलांना आधी डबल मिळाले होते. तर ती बाई पेन खाली ठेवून म्हणाली, तसं होत नाही. हे लोक कुणालाच काही परत देत नाहीत. तो व्हिडिओ जुना, ते थँक यू म्हणणारे खोटे, निळी खूण चित्रात रंगवलेली. यांच्याकडे द्यायचा रस्ताच नसतो, फक्त घ्यायचा असतो.”

“मग?” बाबा म्हणाले.

“मग प्रश्न असा, की तुम्हाला खरंच आले होते का?”

वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फडफडल्या. कीर्तीने गिरीशच्या कोपराला हात लावला, तो त्याने झटकला नाही आणि धरलाही नाही.

“सोमवारी एक मार्चला पाठवले,” बाबा सावकाश म्हणाले. “गुरुवारी चार मार्चला आले. दुपारी पाऊण वाजता. हे बघा, चारशे. आज थोडे कमी-जास्त दिसतील. मी त्यातला एक सेंट हलवलेला नाही.”

“चारशे आहेत हे दिसतंय. पण कुठून आले ते कोण सांगणार? कदाचित आधीपासूनच तेवढे असतील. कदाचित तुम्ही पाठवलेच नसतील. माणसाला वाटतं, बाबा. फोनवर सांगायला काहीतरी हवं असतं.”

“म्हणजे मी खोटं बोललो.”

“मी तसं नाही म्हणत—”

“तसंच म्हणताय. नीट म्हणा.”

गिरीशने मान वर केली. “हो. मला वाटतं, तुम्ही खोटं बोललात. आणि माझं घर गेलं.”

कीर्तीला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. आई बोललीही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून, जमिनीकडे बघत बोलली.

“खोटं नसेल हो बोलले. पण... अहो, रागावू नका. गेल्या महिन्यात तुम्ही गॅस तसाच ठेवलात. स्वानंदीला दोनदा कीर्ती म्हणालात. वयानं होतं एखाद्याला. झालं नसेल ते झालं असं वाटतं.”

बाबांनी आईकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिलेलं कीर्तीला आठवत नव्हतं. त्यात राग नव्हता. घाबरलेल्या माणसासारखं पाहिलं त्यांनी.

“थांबा,” कीर्ती म्हणाली. हे ती गिरीशलाही बोलली नव्हती. “मी नुसतं बाबांच्या शब्दावर पाठवले नाहीत. एप्रिलमध्ये मी दादाला फोन केला होता. विचारलं, बाबांना डबल आले हे खरंय का? दादा, सांग ना. तू पाहिले होतेस ना?”

सगळे राजीवकडे वळले. त्याने एकदा वीणाकडे पाहिलं, मग गवताकडे.

“हो,” तो म्हणाला. “आले होते.”

बाबांचा श्वास सुटला तो कीर्तीला ऐकू आला. “बघा,” ते म्हणाले. “बघा गिरीशराव. सुलक्षणा, ऐकलंस?” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो पाहून कीर्तीलाच रडू कोसळलं.

“मी चहा टाकतो,” राजीव म्हणाला आणि आत गेला.

*

वीणा त्याच्या मागोमाग गेली. तो कपाटाचं दार उघडून नुसता उभा होता. चहाचे मग कुठले काढायचे तेही त्याला सुचत नव्हतं.

“आज सांग,” ती म्हणाली.

“हळू बोल.”

“अडीच महिने हळूच बोलतेय. चार मार्चला तुझ्या कारखान्यात बसून त्यांच्या अकाउंटवर चारशे तू टाकलेस, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, त्यांना सांग. तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात. कीर्तीचा फोन आला तेव्हा म्हटलं, तिला तरी सांग.”

“तू नव्हतीस त्या तीन दिवसांत घरी. तुझी हॉस्पिटलची ड्युटी होती.” राजीवने ओट्याला टेकून डोळे चोळले. “खिडकीशी बसले होते. दाढी नाही, जेवण नाही. आईशीही बोलेनात. परक्या देशात, खिशात स्वतःचा एक पैसा नाही, मोजे हवे असले तरी मला सांगावं लागतं. त्यात आपण मूर्ख ठरलो हे त्यांना कळलं होतं गं. मला ते बघवेना. नुसते दोनशे टाकले असते तर त्यांना समजलं असतं. म्हणून दुप्पट टाकले.”

“ते मला कळतं. पण आज सगळ्यांसमोर पुन्हा ‘आले होते’ म्हणालास.”

“आलेच होते की.”

वीणाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मान फिरवली. हे तिला सहज बाहेर जाऊन सांगता आलं असतं. चार पावलं होती. पण सुनेच्या तोंडून आलेलं खरं या घरात आयुष्यभर कागाळी म्हणून मोजलं जाईल, हे बारा वर्षांत ती शिकली होती. शिवाय हे त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं, आणि ते निघत नव्हतं, याचा तिला त्या चारशे युरोंपेक्षा जास्त राग होता.

“सांगितलं तर ते मोडतील,” राजीव म्हणाला.

“आणि नाही सांगितलं तर गुरुवारी विमानात बसतील. पुरुषोत्तमकाकांचं काय झालं ऐकलंस ना? तुझे बाबा नाशिकला पोचून आठवडाभर तरी धड राहतील का, सांग. बोल. मी हॉस्पिटलमध्ये रोज बघतेय ते, राजीव.”

केटल उकळून बंद झाली. त्याने सहा मगांत पाणी ओतलं आणि त्यातल्या दोन मगांत चहाची पावडरच टाकायला विसरला.

*

चहा बाहेर आला आणि गारा सुरू झाल्या. मे महिन्याच्या मध्यावर, वाटाण्याएवढ्या. घरात जायला कायद्याची बंदी होती, आणि कायदा मोडून गिरीशने त्या घरात पाऊल टाकलंही नसतं. शेवटी सगळे कोपऱ्यातल्या लाकडी शेडमध्ये शिरले. गवत कापायचं मशीन, स्वानंदीची जुनी सायकल आणि सहा माणसं. दोन मीटरचं अंतर राहूच द्या, एकमेकांचे श्वास एकमेकांच्या मानेवर येत होते.

तेवढ्यात कीर्तीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि गिरीशला दाखवलं.

“तोच आहे,” ती म्हणाली. “हार्पर. सॉरी बाबा, तुम्हाला सांगितलं नव्हतं. एक कंपनी आहे, असे गेलेले पैसे शोधून परत आणून देते. त्यांना आपले सापडलेत म्हणे. स्क्रीनशॉट पाठवलाय.”

“माणूस जेन्युइन वाटतो,” गिरीश म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा वर आला होता. “पत्ता आहे, वेबसाइट आहे. फक्त नऊशे युरो रिलीज फी.”

“दे इकडे,” गोविंदराव म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोन हातभर लांब धरून दोनदा वाचला. राजीव त्यांच्या अगदी शेजारी, मशीनच्या दांड्याला टेकून उभा होता. बाबांची ही पाठ त्याने लहानपणी बाजारात पाहिली होती, दुकानदाराच्या गल्ल्यासमोर वाकलेली.

“तू याला शोधलंस की यानं तुला शोधलं?”

“यानं. मी फेसबुकवर एका ग्रुपमध्ये लिहिलं होतं, असं असं झालंय म्हणून. दुसऱ्या दिवशी याचा मेसेज.”

“किती वाजेपर्यंत मुदत दिलीय?”

“आज सहा.”

“बरं. त्याला म्हण, अठ्ठावीस हजार तुझ्या हातात आहेत ना, त्यातले नऊशे कापून घे आणि उरलेले पाठव.”

“म्हटलं मी. तसं चालत नाही म्हणाला. आधी फी.”

गोविंदरावांनी फोन परत दिला. “मग हा तोच दुकानदार आहे. पाटी तेवढी बदललीय. तुला एकदा लुटलं, आता तू रडतेयस हे त्यांना कळलं, म्हणून पुन्हा आले. बंद कर त्याला. उत्तरसुद्धा देऊ नकोस.”

गिरीशचा चेहरा उतरला. पण तो वाद घालू शकला नाही, कारण ऐकता ऐकता त्यालाही ते दिसलं होतं. कीर्तीने हार्परला ब्लॉक केलं. छपरावर गारा वाजत होत्या.

“हे मला एका मिनिटात दिसलं,” गोविंदराव म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. “मग तेव्हा का नाही दिसलं? पंधरा दिवस मी हेच घेऊन बसलोय. खरं सांगू? तेव्हाही दिसलं होतं. पाठवले आणि दुसऱ्या दिवशी उमगलं, की जो वाटायला बसलाय तो आधी मागेल कशाला. मी मनाशी कबूल केलं होतं, गोविंदा, तू फसलास. तीन दिवस लाज गिळत होतो. चौथ्या दिवशी ती गिळून होत आली होती, मी सगळ्यांना सांगणारही होतो. आणि आले. बत्तीस वर्षांत लबाडानं परत दिलेले मी पाहिले नाहीत. मला का दिले? माझ्यात त्यांना काय दिसलं?” त्यांनी सुलक्षणाबाईंकडे पाहिलं. “तू म्हणतेस तसंच असेल. डोक्याचंच काहीतरी. नाशिकला गेलो की फ्लॅटचं काम झाल्यावर डॉक्टरलाही दाखवून घेईन. तिथे एकटाच असेन, तोवर विसरून काही भलतंच करू नये म्हणजे झालं.”

सुलक्षणाबाईंनी तोंडाला पदर लावला.

राजीवने हातातला मग सायकलच्या सीटवर ठेवला, तिथून तो घसरला आणि चहा सगळ्यांच्या पायांवर उडाला.

“मी टाकले होते, बाबा.”

“काय?”

“ते चारशे. मी टाकले होते.”

मग गोविंदरावांनी विचारायला सुरुवात केली, पंचनामा लिहून घ्यावा तशी, एकेक करून.

“कधी?”

“गुरुवारी. जेवणाच्या सुट्टीत.”

“पाऊण वाजता.”

“हो.”

“वीणाला ठाऊक होतं?”

वीणाच बोलली. “हो बाबा. मी सांग म्हणत होते. पण मीही नाही सांगितलं.”

“आणि कीर्तीनं फोन केला तेव्हा?”

“फोन गाडीत स्पीकरवर होता,” राजीव म्हणाला. “तुम्ही शेजारी बसला होतात. तुमच्यासमोर मी कसं...”

“कुठली तारीख?”

“तीन एप्रिल,” हे कीर्ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

“तीन एप्रिलला मी गाडीत शेजारी होतो. संध्याकाळी नव्हतो. हिनं तीस तारखेला पाठवले. मधले सत्तावीस दिवस मी कुठे शेजारी होतो, राजीव?”

राजीवला एवढंच सुचलं, “तुम्हीच तर असं शिकवलंत. बारावीला मी नापास झालो, तेव्हा सगळ्या गल्लीला तुम्ही टायफॉइड सांगितलात. माझी फजिती बाहेर दिसू दिली नाहीत. मला वाटलं...”

“गल्लीला सांगितला. तुला सांगितला का टायफॉइड? तुला घरात बसवून वर्षभर गणितं करून घेतली.”

“त्यानं मायेनं केलं हो,” सुलक्षणाबाई रडत म्हणाल्या.

“मायेनंच केलं. म्हणून तर मला संशय आला नाही.” गोविंदरावांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. “मी काटा तपासत होतो, आणि काट्याखाली बोट याचं होतं. मी तेच वजन लेकीच्या हातात दिलं, घे, तपासलेलं आहे म्हणून. दर रविवारी दिलं. आणि हा शेजारी बसून ऐकत होता. आत्ता तासाभरापूर्वी मला खोटारडा ठरवलं, वेडा ठरवलं, तेव्हाही हा चहा टाकायला गेला.”

“दादा,” कीर्ती म्हणाली. “तू मला नुसतं ‘नाही’ म्हणाला असतास. बाबांना कळूही द्यायचं नव्हतं तर मेसेज करायचास. एका शब्दाचा. माझं घर झालं असतं रे.” आणि तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या, लहानपणी आपटायची तशा. त्या शेडमध्ये हात मागे घ्यायलाही जागा नव्हती.

*

गारा थांबल्या. शेजारच्या बागेत मुलं पुन्हा उड्या मारायला लागली होती. गोविंदराव घरात गेले आणि वीस मिनिटांनी बॅग घेऊन खाली आले. दुसऱ्या हातात सुलक्षणाबाईंची पिशवी होती, औषधांची.

“बाबा, आता नाशिकला जायचं काय कारण?” राजीव वाटेत उभा राहिला. “चूक माझी आहे. मी लोन काढतो. कीर्तीचे सगळे पैसे मी देतो, दोन वर्षांत, तीन वर्षांत. फ्लॅट विकायचा नाही. तिकीट कॅन्सल करू.”

“कर,” गोविंदराव म्हणाले. “मी नाशिकला जात नाहीये. नुकसान कुणी भरायचं ते आता मला कळलंय.”

राजीवच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण वेळेत बोललो, बाबा वाचले, एवढंच त्या क्षणी त्याला समजलं. त्याने बॅगेच्या हँडलला हात घातला. गोविंदरावांनी ती सोडली नाही.

“गिरीशराव,” ते म्हणाले. “तुमच्या गाडीत आम्हा दोघांना जागा आहे का?”

कीर्ती बघतच राहिली. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जेवावं आणि उठावं, मुक्काम करू नये, हा बाबांचा हट्ट तिच्या लग्नापासूनचा. गेल्या सप्टेंबरमध्ये तिने डंडॉकला खोली आवरून ठेवली होती, गाद्या घातल्या होत्या, तरी बाबा संध्याकाळी कोट चढवून उभे राहिले होते. आणि तेव्हा तर तिच्याकडे तीन खोल्या होत्या. आता भाड्याच्या दोन होत्या, तिसरी तिने पोटभाड्याने दिली होती.

गिरीश चुळबुळला. “बाबा, मी तुम्हाला मघाशी... मी खोटं म्हणालो तुम्हाला. माफ करा.”

“तुम्ही तोंडावर म्हणालात,” गोविंदराव म्हणाले.

गिरीशने पुढे होऊन राजीवच्या हाताखालून बॅग घेतली.

सुलक्षणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी शिऱ्याचं पातेलं एकदा उचललं, पुन्हा खाली ठेवलं. वीणाला म्हणाल्या, “स्वानंदीला सांग, आजी लवकर येईल. तांदूळ भिजत घातलेत ते निथळून ठेव.” मग लेकाच्या गालावर हात ठेवला आणि तोच हात डोळ्यांना लावला. त्यांना राहायचं होतं. पण आज भर बागेत त्यांनी नवऱ्याला एकदा एकटं पाडलं होतं, दुसऱ्यांदा पाडायचं त्यांच्यात बळ नव्हतं.

राजीव अनवाणीच दारापर्यंत गेला. ओल्या फरशीवर गारा अजून वितळल्या नव्हत्या.

“बाबा, मला शिक्षा करा. काय वाटेल ते करा. पण असे जाऊ नका.”

गोविंदराव गाडीपाशी थांबले. कोटाच्या आतून त्यांनी टॅब्लेट काढला. कीर्तीला वाटलं, ते आता राजीवला जवळ घेतील. क्षणभर तसे ते वाकलेही. त्यांनी टॅब्लेट त्याच्या दोन्ही हातांत ठेवला आणि पडद्यावर उजळलेला तो चारशेचा आकडा बोटाने दाखवला.

“तुझे आहेत,” ते म्हणाले. “मोजून घे.”